समुद्रापासून दूर, बंदराच्या वाटेवर: कोगनोळी ते बेळगाव

कागल मागे टाकून कर्नाटकात शिरणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८, म्हणजेच जुन्या ट्रकचालकांच्या तोंडी अजूनही असलेला 'एनएच ४', कोगनोळी, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर आणि काकती या क्रमाने बेळगावला पोहोचतो. मुंबई, पुणे आणि बंगळूर यांना जोडणाऱ्या या रस्त्यावर कोल्हापूरच्या एमएच ०९, चिक्कोडीच्या केए २३ आणि बेळगावच्या केए २२ क्रमांकांच्या मालमोटारी शेजारी शेजारी उभ्या दिसतात. त्या चालवणाऱ्यांपैकी अनेकांची भाषा मात्र एकच, मराठी, असते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हा पट्टा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तरी त्याचा व्यापार उत्तरेकडेही वाहत राहिला, आणि त्या व्यापाराच्या आधारावर मालवाहतूक हा इथल्या कष्टकरी कुटुंबांचा एक मोठा व्यवसाय बनला.

निपाणीचे नाव विडीच्या तंबाखूशी जोडलेले आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांनी याच महामार्गावर ठिय्या दिला, आणि ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबारात त्यांतील काही जण मृत्युमुखी पडले. शेतकऱ्यांनी रस्ता निवडला, कारण या भागाची आर्थिक नाडी बाजाराच्या आवारापेक्षा महामार्गावर अधिक स्पष्ट जाणवते. बंदराकडे जाणारा माल मात्र मुख्यतः बेळगावच्या बाजूला तयार होतो. उद्यमबाग, मच्छे आणि होनगा या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्यांमध्ये लोखंड वितळवून साच्यांत ओतले जाते. तिथे तयार होणारे यंत्रांचे सुटे भाग, ज्यांना व्यवहारात 'कास्टिंग' म्हणतात, परदेशीही जातात. कास्टिंग आकाराच्या मानाने फार जड असल्यामुळे कंटेनर भरण्याआधीच वजनाची मर्यादा गाठली जाते, आणि म्हणून असा माल बहुधा चाळीस फुटीऐवजी वीस फुटी कंटेनरमधून पाठवला जातो.

नकाशा पाहणाऱ्याला साहजिकच वाटेल की हा माल सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या गोव्यातील मुरगाव बंदरात जात असेल. प्रत्यक्षात कंटेनरच्या मालाचा ओढा तिथून तिपटीहून दूर असलेल्या, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे, म्हणजे न्हावा-शेव्याकडे आहे. १९८९ मध्ये सुरू झालेले हे बंदर कंटेनरसाठीच विकसित झाले आणि परदेशी मार्गांवरची जहाजे तिथे वारंवार लागतात; मुरगाव मात्र प्रामुख्याने खनिज आणि कोळसा यांसारख्या सुट्या मालाचे बंदर राहिले, आणि त्यातही कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा कॅसलरॉकच्या घाटातून रेल्वेने जातो. सीमाभागातील चालकाच्या मिळकतीचा विचार करताना ही विसंगती प्रथम ध्यानात घ्यावी लागते, कारण जवळचे बंदर असूनही त्याची खेप लांबची ठरते.

बेळगाव ते न्हावा-शेवा हे अंतर साधारण पावणेपाचशे किलोमीटर आहे. घाट, टोलनाके आणि शहरांजवळची कोंडी धरून भरलेल्या ट्रेलरचा सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटर मानला, तर एका बाजूलाच बारा तास स्टीअरिंगवर जातात. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा सामान्य नियम म्हणून घातली होती. त्या हिशेबाने जाऊन-येऊन ही खेप तीन पूर्ण कामाच्या दिवसांची होते, आणि यात बंदरावरचा एक तासही धरलेला नाही. कारखान्यात माल भरून झाल्यावर कंटेनरला सील लागते, वजनकाट्यावरचा दाखला घ्यावा लागतो (जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन १ जुलै २०१६ पासून जगभर बंधनकारक आहे), आणि बंदराच्या फाटकावर 'फॉर्म १३' या प्रवेशपत्रावरचा कंटेनर क्रमांक आणि सील क्रमांक प्रत्यक्षाशी जुळावा लागतो. एक आकडा चुकला तरी गाडी रांगेबाहेर काढली जाते आणि कागद दुरुस्त होईपर्यंत चालक वाहनतळावर अडकून पडतो.

मोबदल्याची रचना मात्र हा वेळ मोजतच नाही. सर्वसाधारणपणे चालकाला ठरावीक मासिक पगार किंवा खेपेमागे ठरलेली रक्कम आणि वाटखर्चासाठी भत्ता मिळतो. डिझेल आणि टोल यांची उचल वेगळी असते. मिळकत खेपांच्या संख्येवर अवलंबून असल्यामुळे फाटकावर गेलेला दिवस हा थेट चालकाच्या खिशातून जातो. परतीचे भाडे मिळाले नाही, तर रिकाम्या गाडीचा तोटा मालकाचा असला तरी त्याची झळ पुढच्या भत्त्याला लागते. सीमाभागात एक-दोन गाड्यांचे मालक पुष्कळ आहेत. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आणि भविष्य निर्वाह निधीचा नियम सामान्यतः वीस किंवा अधिक कामगार असलेल्यांना लागू होत असल्याने अशा मालकांकडचे चालक दोन्ही संरक्षणांच्या बाहेर राहत आले. आयुष्यभर लाखोंचा माल सुखरूप पोहोचवणाऱ्या माणसाला म्हातारपणी निधीचा आधार नसावा, ही स्थिती अन्यायाची आहे.

कामाला तोटा नाही, पण ते स्थिरही नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्राने वजनमर्यादा वाढवल्या, तीन आसांच्या ट्रकसाठी ती २५ टनांवरून २८.५ टन झाली, आणि तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागला. खनिजाच्या क्षेत्रात तर २०१० ते २०१२ या काळात कर्नाटकातील निर्यातबंदी आणि गोव्यातील खाणबंदी यांमुळे मालमोटारींचे काम अचानक थांबले. उलट, जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकर तपासणी नाके उठले आणि ट्रकांचा खोळंबा कमी झाला. २०१९ मध्ये व्यावसायिक परवान्यासाठीची आठवी उत्तीर्ण ही अट काढल्याने शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणांनाही दार उघडले आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत तोवर हा लाभ थोड्यांनाच मिळेल.

मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषांत काम निभावणारा इथला चालक दोन्ही राज्यांत उपयोगी पडतो, पण सीमावाद पेटला की पहिला दगड त्याच्याच काचेवर येतो. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावच्या दक्षिणेस हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राचे क्रमांक असलेल्या ट्रकांवर दगडफेक झाली. अशा दिवसांत थांबलेल्या गाडीचा भत्ता कोणी द्यायचा, हे तोंडी बोलीत ठरलेलेच नसते.

गाडी थांबून राहिल्यास अनेक व्यवहारांत वाहतूकदार माल पाठवणाऱ्याकडून खोळंब्याचे वेगळे पैसे घेतो, म्हणजे प्रतीक्षेला किंमत आहे हे व्यापाराने मान्य केलेलेच आहे. फाटकावरील प्रवेशाची आणि निर्गमनाची वेळ नोंदली जाते, टोलनाक्यावरची वेळ फास्टॅगमध्ये उमटते. खोळंब्याच्या त्या रकमेतला चालकाचा वाटा याच नोंदींवरून ठरवता येतो आणि गाडी निघण्यापूर्वी तो बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहून देता येतो.