हॉप आणि भांग : एका कुळाचे आजार

आजचा विषय आपल्या शिवारातला नाही. परंतु त्यातून निघणारा बोध आपल्या शिवाराला चांगलाच लागू पडणारा आहे. हेंप आणि हॉप या दोन पिकांना कोणते रोग होतात, ते कसे पसरतात आणि त्यांना आवर कसा घालतात, याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

प्रथम नावांचा घोटाळा दूर करू. इंग्रजीत 'हेंप' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. हिरवळीच्या खतासाठी आपण पेरतो त्या तागाला इंग्रजीत 'सन हेंप' म्हणतात आणि अंबाडीला 'डेक्कन हेंप'. वस्तुतः ताग हा तूर-हरभऱ्याचा भाऊबंद आणि अंबाडी ही भेंडी-कापसाची सोयरी. खरा हेंप म्हणजे भांगेचे झाड. शतकानुशतके दोर आणि जहाजांच्या शिडांचे कापड ज्या धाग्यापासून झाले तो याच झाडाचा, आणि गांजाही याच झाडाचा. मादक द्रव्य अत्यल्प असलेले याचे वाण धाग्यासाठी व बियांसाठी लावण्यास आज अनेक देशांत मुभा आहे. आपल्याकडे उत्तराखंड राज्याने २०१८ साली अशा लागवडीस परवाने देण्यास प्रारंभ केला. मात्र मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत असले पाहिजे, अशी अट घातली.

हॉप ही थंड मुलखातील वेल. तिच्या मादी-फुलांचे लहान लहान शंकू बिअरला कडवटपणा देतात आणि ती नासू देत नाहीत. हॉपच्या या टिकवण्याच्या गुणाची नोंद जर्मनीतील मठाध्यक्षा संत हिल्डेगार्ड यांनी बाराव्या शतकातच करून ठेविली आहे. दिसण्यात एक उभे झुडूप आणि दुसरी दोरीवर चढणारी वेल; तथापि वनस्पतिशास्त्राने दोघांना एकाच कुळात बसविले आहे. कूळ एक म्हटले की काही दुखणीही एक, हे पुढे दिसेलच.

आता रोगांकडे वळू. द्राक्षाच्या बागाईतदारांना 'भुरी' आणि 'केवडा' ही दोन नावे शिकवावी लागत नाहीत. हॉपचे दोन जुने वैरी हेच; फक्त बुरशीच्या जाती निराळ्या. भुरीत पानावर पिठाची चिमूट टाकल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात आणि पुढे फुलांचे शंकू वेडेवाकडे होतात. या बुरशीला रुजण्यासाठी पानावर पाणी साचावे लागत नाही. दमट, कोंदट हवा तिला पुरते. गंधकाची भुकटी हा तिच्यावरचा जुना उपाय होय. अमेरिकेच्या वायव्येकडील याकिमा खोरे या रोगापासून दीर्घकाळ मुक्त होते. १९९७ साली तेथे भुरी प्रकटली आणि बागाईतदारांना फवारणीचे सारे गणित नव्याने मांडावे लागले.

केवड्याची रीत याच्या उलट. त्याला ओले पान हवे. त्याचे बीजाणू पाण्याच्या थेंबात अक्षरशः पोहतात आणि पानाच्या सूक्ष्म रंध्रांतून आत शिरतात. हॉपवर हा रोग १९०५ साली जपानात प्रथम नोंदला गेला. १९२० मध्ये तो इंग्लंडात आढळला आणि थोड्याच वर्षांत युरोपातील मोठमोठ्या बागांत पोहोचला. हॉपचे खोड दर वर्षी वाळते, पण जमिनीतील गड्डा वर्षानुवर्षे जगतो. केवड्याची बुरशी नेमकी त्या गड्ड्यात आश्रय घेते आणि वसंतात खुरटलेल्या, फिकट कोंबांच्या रूपाने वर येते. असे कोंब दिसताच खुडून नष्ट करणे आणि ताम्रयुक्त औषध फवारणे, हा तेथील नेम. मोरचूद आणि चुना यांचे जे बोर्डो मिश्रण आपण जाणतो, ते मूळचे फ्रान्समधील द्राक्षबागांतले. ते हॉपच्याही कामी आले.

याहून दारुण रोग म्हणजे मर. इंग्लंडच्या केंट परगण्यात पेन्सहर्स्ट येथे १९२४ साली हॉपवर तो प्रथम आढळला. ही बुरशी मातीत राहते, मुळांतून आत शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तुंबवते. भर हंगामात, शेतात ओल असतानाही, वेल तहानेने मरावी तशी वाळते. खोड चिरून पाहिले तर आतले लाकूड तपकिरी पडलेले असते. यावर फवारणी चालत नाही, कारण शत्रू पानावर नाही, धमनीत आहे. रोगट वेली उपटून जाळणे आणि त्या शेताची माती बुटांवरून, अवजारांवरून दुसरीकडे जाऊ न देणे, एवढेच माणसाच्या हाती उरते.

केंटमध्ये हॉप हे केवळ एक पीक नव्हते. तोडणीच्या दिवसांत पूर्व लंडनमधील गरीब कुटुंबे मुलाबाळांसह तेथे जात आणि काही आठवड्यांच्या मजुरीवर हिवाळ्याची बेगमी करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर तोडणीची यंत्रे आली आणि ती प्रथा ओसरली. परंतु त्या काळी बाग गेली म्हणजे मालकाबरोबर मजुराचेही जाई. म्हणून वाय येथील कृषी महाविद्यालयाने मर सोसणारे वाण निपजवण्यास वाहून घेतले, आणि १९७२ साली 'टार्गेट' हा वाण बागाईतदारांच्या हाती दिला. तरीही लढा संपला नाही. १९९७ साली स्लोव्हेनियातील बागांत याच मरीचा प्राणघातक प्रकार उद्भवला.

हेंपचे रोग थोडे निराळे. त्याची फुले दाट असतात. शरदातील पावसाचे पाणी त्यांत अडकले की करड्या बुरशीची कूज लागते आणि बाहेरून बऱ्या दिसणाऱ्या तुऱ्याचा गाभा सडून जातो. खोडाला दुसरी एक पांढरी बुरशी लागते. ते फोडले तर आत उंदराच्या लेंड्यांसारखे काळे, कठीण दाणे सापडतात. हे दाणे मातीत कित्येक वर्षे दबा धरून बसतात. सूर्यफूल आणि घेवडाही याच बुरशीचे भक्ष्य. म्हणून त्यांच्यामागे हेंप न घेता गहू-जवासारखे तृणधान्य घ्यावे, अशी फेरपालट सांगितली जाते. विरळ पेरणी करून वारा खेळता ठेवणे हाही एक बिनखर्ची उपाय आहे.

आता सर्वांत गूढ रोग. १९७१ साली डीनर या शास्त्रज्ञाने बटाट्याच्या एका रोगामागे विषाणूहूनही लहान असे कारण शोधून काढले व त्याला 'व्हायरॉइड' असे नाव दिले. कवच नाही, काही नाही. नुसता आरएनएचा एक वेढा. हॉपमध्ये असाच एक सुप्त व्हायरॉइड आढळतो. त्याच्या साखळीत अवघे २५६ दुवे आहेत. वेल वरून निरोगी दिसते, परंतु शंकूंतील कडू द्रव्य घटते. हाच व्हायरॉइड २०१९ साली कॅलिफोर्नियात भांगेच्या झाडांत सापडला. तेथे झाडे खुरटत होती, फांद्या ठिसूळ होत होत्या आणि फुले निकस येत होती. एका कुळातील दुखणे दुसऱ्या घरी गेले ते असे.

याच्या प्रसाराचे मुख्य वाहन कोणते? वारा नव्हे, पाऊस नव्हे, तर माणसाचा चाकू. एका मातृवृक्षाची शेकडो कलमे करावयाची; तो आजारी असला तर शेकडो कलमे आजारी. चाकू मद्यार्काने पुसून भागत नाही. ब्लीचच्या द्रावणात बुडवावा लागतो. अंकुराच्या टोकाचा अतिसूक्ष्म भाग घेऊन प्रयोगशाळेत निरोगी रोप वाढविणे आणि मातृवृक्षाची वारंवार तपासणी करणे, हाच खरा मार्ग.

श्रोतेहो, ऊस आपण बेण्यापासून लावतो, केळी कंदापासून, द्राक्षे कलमापासून. या सर्वांना वरील न्याय जसाच्या तसा लागू आहे. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेले बेणे हिरवेगार दिसते म्हणून ते निरोगीच असते, असे नाही. फवारणीचा खर्च दर हंगामी करावा लागतो. पण बेणे पारखून घेणे, कोयता धुणे आणि मेलेले झाड बांधावर न टाकता जाळणे, यांना फारसे द्रव्य लागत नाही. लागते ती सवय. आणि ती रोग येण्यापूर्वी लावून घेतली तरच उपयोगी पडते.