वितळतार, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या विद्युत् मंडलातून मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागल्यास स्वतः वितळून मंडल खंडित करणारी प्रयुक्ती. व्यवहारात हिला ‘फ्यूज’ म्हणतात. दिवा वा चलित्र यांच्यापेक्षा त्यांना जोडणाऱ्या तारेचे संरक्षण करणे हे तिचे मुख्य कार्य होय. शिसे-अम्ल घटमालेचा दाब १२ व्होल्ट एवढाच असला, तरी मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) झाल्यास तिच्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. त्यामुळे बारीक तार तापून तिचे निरोधक आवरण पेटते व आग शेजारच्या तारांत पसरते.

निवड : वितळतारेचे निर्धारित मूल्य मंडलाच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा अधिक, पण तारेच्या सुरक्षित वहनक्षमतेपेक्षा कमी असावे लागते. नेहमीचा प्रवाह निर्धारित मूल्याच्या सु. ७५ टक्क्यांपर्यंत ठेवतात. उदा., ५५ वॉटच्या दोन दिव्यांना १२ व्होल्ट दाबाला सु. ९·२ अँपिअर प्रवाह लागतो; ९·२ ÷ ०·७५ = १२·३, म्हणून त्यापुढील १५ अँपिअरची वितळतार निवडतात. तार तेवढा प्रवाह सतत वाहून नेण्याजोगी नसल्यास तारच जाड घ्यावी लागते. एंजिनाजवळील उष्णतेने आणि अनेक तारा एकत्र बांधल्याने तारेची क्षमता घटते.

वितळतार निर्धारित मूल्य ओलांडताच तुटत नाही. पात्याच्या आकाराची वितळतार १० टक्के अधिक प्रवाह किमान १०० तास सहन करते, तर दुप्पट प्रवाहाने ती ५ सेकंदांच्या आत वितळते. म्हणून तारेची क्षमता काहीशी अधिकच ठेवतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांतील काचनळीच्या वितळतारांवर सामान्यतः वितळण्याचा प्रवाह लिहिलेला असे. ३५ अँपिअर लिहिलेली तार सतत सु. १७ अँपिअरसाठीच असे.

पात्याच्या प्रकारात रंगावरून मूल्य ओळखता येते : १० अँपिअर तांबडा, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

वितळतार घटमालेच्या शक्य तितकी जवळ बसवितात, कारण घटमाला व वितळतार यांमधील तार असंरक्षितच राहते. वितळतार पुन्हापुन्हा जळत असल्यास मंडलातील दोष शोधणे आवश्यक असते. तिच्याऐवजी मोठ्या मूल्याची वितळतार, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी बसविल्यास मंडलातील सर्वांत दुर्बल भाग गाडीची तारच ठरते व आगीचा धोका निर्माण होतो.