घरापुढे काचेची खोली? आधी वहीत बांधा, मग अंगणात



घराला लागून काचेची चकचकीत खोली, आत चार टेबलं, रस्त्यावरून दिसणारी गर्दी. व्हिडिओत असं काही पाहिलं की वाटतं, आपणही करू. तुमचं घर सिरोंच्यात रस्त्याला लागून असेल, गोदावरीच्या पुलावरून कालेश्वरला जाणारे-येणारे दारावरून जात असतील, तर चहा-नाश्त्याचा विचार चुकीचा नाही. चुकतं ते बजेट.

या काचेच्या खोलीचं मूळ युरोपात आहे. थंडीत संत्र्याची झाडं मरू नयेत म्हणून तिकडच्या श्रीमंतांनी मोठ्या खिडक्यांच्या खोल्या बांधल्या, म्हणून तिचं नाव ऑरेंजरी. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात १७ व्या शतकात बांधलेली ऑरेंजरी आजही आहे. पण उन्हाळा आला की तीच झाडं बाहेर काढतात! ती खोली ऊब धरून ठेवायला बांधलेली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ऊब धरणाऱ्या खोलीत गिऱ्हाईक बसवायचं म्हणजे एसी आला आणि त्याचं बिल दर महिन्याला आलं. बांधकामाचा खर्च एकदाच होतो, बिल कायमचं असतं. म्हणून काच विसरा. टिनाचं छत, त्याखाली सीलिंग, कमरेएवढी भिंत आणि वर जाळी, एवढं पुरे.

आता सिरोंच्याचे दोन खर्च, जे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

पहिला, पाणी. २०२२ च्या जुलैत गोदावरी आणि प्राणहितेला आलेला पूर तालुक्यानं पाहिलाय. तुमच्या भिंतीवर किंवा शेजाऱ्याच्या घरावर पाण्याची खूण असेल, तर जोता तिच्यावर घ्या. तेवढं शक्य नसेल, तर तिथं महागडं फर्निचर आणि खाली बसवलेले वीज बोर्ड नकोत.

दुसरा, अंतर. गडचिरोली २०० किलोमीटरहून लांब, मंचेरियल त्यापेक्षा जवळ. सिमेंट, टिन, फरशी यांचे भाव दोन्हीकडून काढा, पण भाव दुकानातला नाही, आपल्या दारात उतरवून दिलेला विचारा. गाडीभाडं आणि हमाली धरल्यावर स्वस्त माल महाग पडू शकतो. रेती पावसाळ्याआधीच घेऊन ठेवा, कारण पावसाळ्यात नदीतून उपसा बंद असतो.

आता वही काढा. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या मिस्त्रीचे भाव त्या जागी टाका. १० बाय १५ फुटांची खोली धरू.

जोता आणि पाया: ४५,०००
खांब, टिन, सीलिंग: ६०,०००
अर्धी भिंत आणि जाळी: ४०,०००
फरशी: २०,०००
वीज, पंखे: १५,०००
वाहतूक, हमाली: १५,०००

बेरीज १,९५,०००. त्यावर अडीअडचणीसाठी १५ टक्के, म्हणजे २९,२५०. दुकान सुरू झाल्यावर दूध, साखर, गॅससाठी हाताशी २५,०००. एकूण २,४९,२५०. शेवटच्या दोन ओळी बहुतेक जण धरतच नाहीत, आणि मग खोली उभी राहते पण धंदा उसनवारीवर सुरू होतो.

आता कमाईची बाजू. खोलीमुळे रोज २० गिऱ्हाइकं वाढली, प्रत्येकामागे खर्च जाऊन १० रुपये उरले, महिन्याचे २५ दिवस धरले तर ५,००० रुपये. कडक ऊन आणि मुसळधार पावसाचे तीन महिने वगळा. वर्षाला ४५,०००. म्हणजे पैसे वसूल व्हायला साडेपाच वर्षं! कर्ज घेतलं तर व्याज वेगळं.

घाबरू नका. हाच हिशोब उलटा करा. आधी फक्त जोता, खांब आणि टिन, बाकी सगळं उघडं. सगळं धरून ८०,००० मध्ये बसवा. १५ गिऱ्हाइकं जरी वाढली, तरी वर्षाला ३३,७५० सुटतात आणि अडीच वर्षांच्या आत पैसे परत. भिंत, जाळी, फरशी पुढच्या टप्प्यात, धंद्याच्या पैशातून.

कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत मिळतं. पण हप्ता मंदीच्या महिन्यातही भरता येईल एवढाच ठेवा. आणि वीट रचण्याआधी नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. धंद्यासाठी वीजजोडणीचा प्रकार बदलावा लागेल का, तेही महावितरणला विचारा.

या आठवड्याचं काम एवढंच: मिस्त्रीला बोलावण्याआधी सात दिवस दारावरून जाणारी माणसं मोजा. सकाळी किती, दुपारी किती, किती जण थांबण्यासारखे. तो आकडा वहीत आला, की खोली किती मोठी हवी हे तुम्हालाच कळेल.