नादारीचा अर्ज करण्यापूर्वी

सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थिरावली आहेत. त्यांचा चरितार्थ लूम, डाइंग मिल अथवा हिऱ्याच्या कारखान्यावर चालतो. २००८ ची मंदी असो वा ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर लादलेले ५० टक्के आयातशुल्क, त्याची झळ या घरांच्या चुलीपर्यंत पोहोचते. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला ती बाळाच्या वजनाच्या आलेखावर दिसते. कर्जबाजारी पिता आपली अडचण सहसा बोलून दाखवीत नाही. परंतु चढती रेषा आडवी होते. चौकशी केली असता पावडरच्या दुधातील पाणी वाढलेले असते आणि बाळाला वरणाऐवजी त्याचे नुसते पाणी भरवले जात असते.

अशा घरांत हिशोबाचा क्रमच उलटा झालेला असतो. पगार येताच हप्ते जातात आणि उरलेल्यात पोट भरावे लागते. म्हणून कायद्याचा आधार घेण्यापूर्वी पती-पत्नींनी एकत्र बसून पुढील क्रमाने ताळेबंद मांडावा, असे मी सुचवितो.

१) धान्य, डाळ, दूध, अंडी, घरभाडे, वीज, औषध आणि शाळा यांची रक्कम प्रथम बाजूला काढावी.

२) जे विनामूल्य मिळते ते हक्काने घ्यावे. रोटाव्हायरस व न्यूमोकोकल लसींसह राष्ट्रीय वेळापत्रकातील लसी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. पात्र कुटुंबाला आयुष्मान कार्डावर गुजरातमध्ये १० लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे.

३) प्रत्येक कर्जाचे व्याज वार्षिक दराने लिहावे. शेकडा ५ रुपये महिना हा दर कानाला लहान वाटतो; पण ५०,००० रुपयांवर वर्षाला ३०,००० रुपये व्याज जाते आणि मुद्दल जसेच्या तसे राहते. नोंदणीविना सावकारी करणे हा गुजरातच्या २०११ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही ध्यानी असावे.

४) उरलेली रक्कम धनकोंमध्ये वाटावी. ती पुरत नसेल, तर नवे कर्ज काढून जुने फेडू नये. बँकेकडे हप्त्यांची फेररचना मागावी अथवा लोकअदालतीत तडजोड करावी.

एवढे करूनही तोंडमिळवणी होत नसेल, तरच नादारीचा विचार करावा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपनीच्या कर्जाला हमी देणाऱ्या व्यक्तींपुरता अमलात आला. सामान्य कामगाराला १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाचाच मार्ग आहे. त्यात ५०० रुपयांचे कर्जही अर्जास पुरते, यावरून त्याचे वय कळावे. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते. तथापि घरातील आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची अवजारे यांना हात लावता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यालाही लेकरांचे अंथरूण व भांडी राखावीशी वाटली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मर्यादाही जाणून घ्याव्यात. तारण ठेवलेल्या घरावरील वा सोन्यावरील धनकोचा हक्क तसाच राहतो. सरकारी देणे, फसवणुकीने घेतलेले कर्ज आणि पोटगी यांतून सुटका नाही. नादारीतून मुक्तता मिळेपर्यंत आपली स्थिती न सांगता ५० रुपयांची उधारी घेणे हासुद्धा गुन्हा ठरतो. मात्र प्रामाणिकपणे असमर्थ असलेल्या ऋणकोला केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले आहे. भीतीपोटी गाव सोडणाऱ्यांना, आणि त्याहून भयंकर विचार मनात आणणाऱ्यांना, एवढे कोणीतरी सांगायला हवे. महिलांना व औद्योगिक कामगारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो, हेही सांगावे.

आपण डॉक्टर मंडळी वकील नव्हे. परंतु या घरांत सर्वांत आधी आपलाच प्रवेश होतो. वजन न वाढणाऱ्या बाळाच्या आईला आहाराचा तक्ता देण्यापूर्वी तिला एकांतात विचारावे, ‘ताई, या महिन्यात हप्त्यात किती गेले?’ पुष्कळदा निदान त्या उत्तरातच सापडते.