काटा शून्यावर आला, पण पॉवर गेली कुठे?

जुना, हाताने फिरवायचा अँटेना ट्यूनर कुणाला मिळाला की आठवड्याभरात त्याचा फोन येतो आणि वाक्य ठरलेलं असतं: "एसडब्ल्यूआर वन टू वन आला, अँटेना ट्यून झाली!" परवा पुण्यातल्या एका नव्या हॅम-रेडिओ मित्राचा असाच फोन आला. त्याने सोसायटीच्या गच्चीवर 7.1 मेगाहर्ट्झचा डायपोल बांधलाय, एकूण 20 मीटर तार. तिथून खाली फ्लॅटपर्यंत 30 मीटर आरजी-58 कोॲक्स, शेवटी जुना टी-नेटवर्क ट्यूनर आणि 100 वॅटचा रिग. आता तो याच तारेवर 14 मेगाहर्ट्झला बोलतो, कारण मीटर हो म्हणतोय.

मीटर नेमकं कशाला हो म्हणतोय, हे कुणी विचारत नाही. मीटर रिग आणि ट्यूनर यांच्या मधे आहे. रिगला 50 ओहमचा भार दिसतोय की नाही, एवढंच तो सांगतो. ट्यूनरच्या पलीकडे कोॲक्समध्ये काय चाललंय, गच्चीवरच्या तारेपर्यंत किती पोचतंय, हे त्याला दिसत नाही. एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगली असं असतं, तर डमी लोड ही जगातली सर्वोत्तम अँटेना ठरली असती. त्याचा एसडब्ल्यूआर वन टू वन असतो आणि तो पॉवरची फक्त उष्णता करतो.

मित्राच्या जोडणीचा हिशोब मांडू. 7 मेगाहर्ट्झसाठी कापलेल्या डायपोलचा प्रत्येक हात 14 मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी होतो आणि मधल्या जोडाशी इंपीडन्स काही हजार ओहमवर जातो. 3000 धरला तर 50 ओहमच्या कोॲक्सवर एसडब्ल्यूआर 60 होतो. 30 मीटर आरजी-58 मध्ये या बँडवर जुळलेल्या स्थितीतही साधारण दीड डेसिबल पॉवर जाते. एसडब्ल्यूआर 60 असताना लहर त्याच केबलमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करते आणि प्रत्येक फेरीला थोडी खर्च होते. एआरआरएलच्या अँटेना बुकमधल्या सूत्रात हे आकडे घाला, एकूण नुकसान दहा डेसिबलच्या पुढे जातं. म्हणजे 100 वॅटपैकी 10 वॅटसुद्धा तारेपर्यंत पोचत नाहीत. बाकीचे नव्वद केबल तापवतात. आणि ही केबलच आपली दिशाभूल करते. परतणारी लहर वाटेत विरत असल्यामुळे खाली ट्यूनरच्या तोंडाशी 60 ऐवजी सुमारे साडेपाचच दिसतो. ट्यूनर तेवढा सहज जुळवतो आणि आपण त्याच्या गुणांचं कौतुक करतो.

"पण मला तर रिपोर्ट मिळतात!" मिळणारच. एक एस-युनिट म्हणजे 6 डेसिबल. दहा-अकरा डेसिबल गेले तरी समोरच्याचा मीटर एस-9 ऐवजी एस-7 दाखवतो आणि बोलणं होतं. हा गैरसमज टिकून आहे तो याच कारणाने. जी स्टेशनं तुम्हाला ऐकूच शकली नाहीत, त्यांचा रिपोर्ट तुमच्यापर्यंत येत नाही.

हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: ट्यूनर फक्त रिगला फसवतो, परतलेली पॉवर वायाच जाते. हेही चूक आहे, आणि हे इतक्या अनुभवी मंडळींकडून ऐकलंय की चीड येते. वॉल्टर मॅक्सवेल (डब्ल्यू2डीयू) हे आरसीएमधले अँटेना अभियंता, टायरॉस हवामान उपग्रहाच्या अँटेनांवर काम केलेले. त्यांनी 1973 पासून क्यूएसटी मासिकात लेखमाला लिहून हा मुद्दा खोडला. ट्यूनर जुळला की परतलेली लहर त्याच्याशी येऊन पुन्हा अँटेनाकडे वळते. लाइनमध्ये नुकसान नसेल, तर कितीही एसडब्ल्यूआर असला तरी सगळी पॉवर शेवटी तारेलाच मिळते. एसडब्ल्यूआर स्वतः पॉवर खात नाही. तोट्याच्या केबलला तो अनेक पटींनी महाग करतो, इतकंच. म्हणून ट्यूनर चांगला की वाईट, हा वाद घालण्यात अर्थ नाही. त्याच्या पुढे कोणती लाइन आहे ते सांगा.

कोॲक्स काढून त्याच डायपोलला उघडी दुतारी लाइन लावा. समांतर दोन तारा आणि मधे पीव्हीसीचे तुकडे, 600 ओहमच्या आसपास. तिथे एसडब्ल्यूआर पाच होतो आणि 30 मीटरला अर्धा डेसिबलही जात नाही. अनेक जुने ट्यूनर याच लाइनसाठी बनले होते. मिनेसोटातल्या वसीका गावच्या ई. एफ. जॉन्सन कंपनीचा 1950 च्या दशकातला वायकिंग मॅचबॉक्स बघा: मागे दुतारीसाठी दोन टर्मिनल, आत लिंकने जोडलेली कॉइल आणि मोठे हवेचे कपॅसिटर. तो कोॲक्सच्या चुका झाकायला बनवलेला नव्हता.

आता उरलेले गैरसमज झटपट. "जुना आहे, सगळे बँड करेल": मॅचबॉक्स 80, 40, 20, 15 आणि 10 मीटरसाठी आहे. 30, 17 आणि 12 मीटरचे बँड हौशींना 1979 च्या जिनिव्हा परिषदेत मिळाले, त्यांच्यासाठी स्विचवर जागाच नाही. "परतलेली पॉवर फायनल जाळते": फायनलला त्रास होतो तो चुकीच्या भाराने, आणि आजचे रिग तो दिसला की स्वतःच पॉवर उतरवतात. "दीडचा एक करायलाच हवा": दीडला फक्त 4 टक्के परत येतात, सोडून द्या.

टी-नेटवर्कबाबतचा गैरसमज मात्र गंभीर आहे: "काटा शून्यावर आला की कुठलीही सेटिंग चालते." टीमध्ये एकाच भाराला वन टू वनच्या अनेक जागा सापडतात. काहींमध्ये कॉइलमधून प्रचंड प्रवाह फिरतो आणि ती हाताला चटका देण्याइतकी तापते. ज्या जागी दोन्ही कपॅसिटर जास्तीत जास्त मिटलेले आणि कॉइल कमीत कमी असेल, ती घ्या. डायलवरच्या आकड्यांवर विसंबू नका. झाकण उघडून पाती किती आत गेलीत ते एकदा बघून खुणा करून ठेवा. आधी रिसीव्हरमधला आवाज सर्वांत मोठा होईल तिथे आणा, मग 10 वॅटवर बारीक जुळवा. बँडस्विच फिरवताना पॉवर बंद, नाहीतर ठिणग्या उडून संपर्क जळतात, आणि तसे सुटे भाग आज मिळवणं कठीण आहे.

मित्राने दुतारी लावायचं कबूल केलंय. गच्चीच्या लोखंडी कठड्यापासून ती लांब ठेवायला सांगितलंय. आणि एखाद्या बँडवर ट्यूनर जुळेनासा झाला, तर कॉइलशी झटापट करण्याआधी लाइन दोन-तीन मीटरने वाढवून बघ, असंही.