परतलेल्या जीपगाड्या आणि मागे राहिलेलं गिऱ्हाईक

टाटा मोटर्सनं नोव्हेंबर 2025 मध्ये सिएरा पुन्हा बाजारात आणली, तेव्हा मूळ सिएरा बंद होऊन 22 वर्षं लोटली होती. ही एकटी गाडी नाही. अमेरिकेत फोर्डनं 1996 साली थांबवलेली ब्रॉन्को 2020 मध्ये परत आली. 2016 मध्ये इंग्लंडमधल्या सोलिहलच्या कारखान्यातून शेवटची डिफेंडर बाहेर पडली आणि 2019 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात नवी उभी राहिली. 2010 मध्ये गुंडाळलेलं हमर हे नाव जनरल मोटर्सनं विजेवर चालणाऱ्या गाडीला दिलं. 1980 पासून विस्मृतीत गेलेली स्काउट फोक्सवॅगन समूह पुन्हा घडवतो आहे. आडवाटेच्या गाड्या अशा एकामागोमाग एक परतू लागल्या, की सगळं श्रेय जुन्या आठवणींना देऊन आपण मोकळे होतो. आठवणींचा वाटा आहेच. पण या गाड्या का गेल्या आणि का आल्या, हे नीट पाहिलं तर एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. ज्या शेतकऱ्यानं, वनरक्षकानं, सर्वेक्षकानं आणि गावच्या मेकॅनिकनं ही नावं मोठी केली, त्यांच्यासाठी यांतली जवळपास एकही गाडी परतलेली नाही.

डिफेंडरचा इतिहास या बाबतीत सगळ्यात बोलका आहे. पहिली लँड रोव्हर 1948 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला लोकांसमोर आली. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होतं, म्हणून तिचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले. ही अडचण पुढे तिचा मोठा गुण ठरली, कारण ते पत्रे गंजत नसत. तिचे बाहेरचे बरेचसे भाग बोल्टांनी जोडलेले असत. मडगार्ड चेपलं तर पाना घ्यायचा, ते काढायचं आणि दुसरं बसवायचं. दारांच्या बिजागऱ्या बाहेरच दिसत, खालची चेसिस शिडीसारखी आणि तिच्यावर बाकी सगळा डोलारा. 68 वर्षांत अशा 20 लाखांहून अधिक गाड्या बनल्या. ती बंद झाली ती गिऱ्हाईक आटल्यामुळे नव्हे. तिच्यात शेवटपर्यंत एअरबॅग नव्हत्या, युरोपातले धुराचे आणि अपघात-सुरक्षेचे नियम वर्षागणिक कडक होत होते आणि हातानं जुळवायची ती गाडी कारखान्याला महाग पडत होती. अमेरिकेच्या बाजारातून तर ती 1997 नंतरच बाहेर पडली होती. बंद झाल्यावर मात्र तिची किंमत चढत गेली. 2018 मध्ये कंपनीनं स्वतःच जुन्या डिफेंडर विकत घेऊन, त्यांत व्ही-8 इंजिन बसवून 150 गाड्या विकायला काढल्या. त्यांची किंमत दीड लाख पौंडांपासून सुरू होत होती. माल थांबला, खोड्या विसरल्या गेल्या आणि नाव उजळत गेलं. या गाड्यांचं पुनरागमन फायद्याचं झालं, त्यात मधल्या खंडाचा वाटा मोठा आहे.

नावाइतकीच आकारालाही किंमत असते, आणि ती किती असते हे न्यायालयांत दिसलं. ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांना डिफेंडर बंद झाल्याची हळहळ एवढी होती, की त्यांच्या इनिऑस कंपनीनं तिच्याच वळणाची ग्रेनेडिअर बनवायला घेतली. जग्वार लँड रोव्हरनं जुन्या डिफेंडरच्या आकारावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला. तो नाकारला गेला आणि 2020 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानंही तो निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी अमेरिकेत उलट घडलं. 1947 पासून विलीज जीपशी नातं असलेल्या आपल्या महिंद्रानं तिकडे डेट्रॉइटजवळ रॉक्सर नावाची गाडी बनवायला घेतली होती, तीही रस्त्यावर न चालवायची, शेता-रानातल्या वापराची. जीपच्या मालक कंपनीनं तक्रार केली आणि अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं रॉक्सरचं रूप जीपच्या फार जवळचं ठरवलं. महिंद्राला तिचा चेहरा बदलावा लागला. गोल दिवे, सपाट पत्रे आणि उभी काच यांच्यासाठी कंपन्या वर्षानुवर्षं खटले लढतात, कारण नव्या गाडीत जुनं म्हणून विकता येण्यासारखं बऱ्याचदा तेवढंच उरलेलं असतं.

बऱ्याचदा म्हटलं, कारण सगळ्यांना एका तागडीत तोलणं अन्यायाचं होईल. ब्रॉन्को खऱ्या अर्थानं खालून वर बांधलेली आहे. फोर्ड रेंजर या पिकअपच्या चेसिसशी तिचं जवळचं नातं आहे आणि दोन्ही मिशिगनमधल्या वेन इथल्या एकाच कारखान्यात बनतात. आधी रेंजर तिथे आली, त्या जोरावर ब्रॉन्कोचं गणित जमलं. यात कमीपणा नाही. 1978 नंतरची जुनी ब्रॉन्कोही फोर्डच्या पिकअपचीच आखूड आवृत्ती होती आणि आपली 1991 ची सिएराही टाटामोबाइल पिकअपवर बेतलेली होती. नव्या ब्रॉन्कोत विचार किती बारकाईनं झालाय, ते तिच्या आरशांवरून कळतं. या गाडीची दारं काढून ठेवता येतात. आरसे दारांवर असते, तर दारांबरोबर तेही गेले असते. म्हणून ते दारांच्या पुढे, काचेच्या पायथ्याशी बॉडीवर बसवले आहेत. हा बदल वापरणाऱ्याचा विचार करून आलेला आहे. शेव्हर्लेची ब्लेझर तिच्या शेजारी उभी करा. 1969 ची ब्लेझर ट्रकच्या चेसिसवरची दणकट गाडी होती. 2018 मध्ये याच नावानं आलेली गाडी शहरी रस्त्यांसाठीची, मूलतः पुढच्या चाकांवर चालणारी क्रॉसओव्हर निघाली. नाव तेच, काम वेगळं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नवी डिफेंडर पाण्यातून, चिखलातून, दगडांवरून जुनीपेक्षा चांगली जाते, मग तक्रार कसली? आक्षेप खरा आहे. जुनी डिफेंडर 500 मिलिमीटर खोल पाण्यातून जाई, नवी 900 मिलिमीटरमधून जाते. तिला शिडीसारखी स्वतंत्र चेसिस नाही, बॉडी आणि चेसिस एकसंध आहे. तरीही ती कच्च्या वाटांवर कमी पडत नाही. पण आडवाटेच्या गाडीची परीक्षा दोनदा होते. एकदा चढावर, आणि दुसऱ्यांदा ती जिथे बंद पडते तिथे. जुन्या गाडीचा क्रॉस तुटला, पाटा मोडला, क्लचची तार गेली, तर तालुक्याच्या गॅरेजात काम होई. नव्या गाडीतला एखादा सेन्सर बिघडला, तर आधी कंपनीचा स्कॅनर लागतो, मग पार्टची वाट आणि कधी कधी सॉफ्टवेअरची परवानगीसुद्धा. जवळचं अधिकृत सेवाकेंद्र शे-दोनशे किलोमीटरवर असेल, तर 900 मिलिमीटर पाण्यातून जाण्याची ताकद मालकाच्या काय कामाची? मालक शहरात राहतो आणि महिन्यातून एकदा डोंगरात जातो, असं धरलं तर हा प्रश्न उरत नाही. नवी डिफेंडर 110 बाजारात आली तेव्हा ब्रिटनमध्ये तिची किंमत 45 हजार पौंडांच्या वर होती. गाडी आणि किंमत, दोन्ही तोच मालक समोर ठेवून आखलेली आहेत.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. साधी, उघडीबोडकी जुनी गाडी परत आणा म्हणणं म्हणजे माणसं मरू द्या म्हणणं, असं कुणी म्हटलं तर त्याच्याशी वाद नाही. भारतात एबीएस, चालकापुढची एअरबॅग, धडक-चाचणी आणि 1 एप्रिल 2020 पासूनचा बीएस-6 हे नियम यायलाच हवे होते. मारुतीची जिप्सी सामान्य गिऱ्हाइकासाठी याच काळात थांबली. 1985 मध्ये आलेली आणि पुढे सैन्यानं, पोलिसांनी वापरलेली ती गाडी ताडोबा-पेंचच्या जंगलांत एवढी रुळली आहे, की सफारीच्या गाडीला लोक जिप्सीच म्हणतात. 2020 ची महिंद्रा थार नाशिकच्या कारखान्यातून आली आणि ग्लोबल एनसीएपीच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. तिच्या सुरुवातीच्या यादीत मागे समोरासमोर बाकांची सहा आसनी स्वस्त आवृत्ती होती. ती काही महिन्यांतच गेली. तशा आडव्या बाकांवर बसणं अपघातात धोक्याचं असतं, तेव्हा तिच्यासाठी रडण्याचं कारण नाही. फक्त तिच्याबरोबर खेड्यातलं एक गिऱ्हाईक यादीतून पुसलं गेलं आणि त्याच्यासाठी त्या जागी सुरक्षित पण साधं असं दुसरं काही आलं नाही. सुरक्षेच्या नियमांमुळे गाडी थोडी महाग होते, हे समजण्यासारखं आहे. मोठा पडदा, काचेचं छत आणि गार हवेची आसनं कुठल्याही नियमानं मागितलेली नाहीत.

तिसरा आक्षेप बाजाराचा आहे. कष्टाचं काम करणारा माणूस केव्हाच पिकअपकडे वळला, असं म्हणतात. आपल्याकडे हे बरंचसं खरं आहे. 2000 साली आलेली बोलेरो कधी बंदच झाली नाही, म्हणून तिच्या पुनरागमनाचा सोहळा कुणी केला नाही. तिच्या पिकअप भावंडांवर आज अर्ध्या महाराष्ट्राचा भाजीपाला चालतो. पण पिकअप माल नेते. घरातली पाच-सहा माणसं, बी-बियाणं आणि पावसाळ्यातली निसरडी वाट हे तिन्ही एकत्र पेलणारी, चारही चाकांना ताकद देणारी, बंदिस्त आणि परवडणारी गाडी ही वेगळी गरज आहे, आणि ती जागा रिकामीच राहिली. अशी गाडी बनवता येत नाही, हे टोयोटाकडे पाहून मान्य करवत नाही. लँड क्रूझरची 70 मालिका 1984 पासून बनते आहे. जपानच्या बाजारातून ती 2004 मध्ये गेली, 2014 मध्ये ठरावीक काळापुरती परतली आणि 2023 मध्ये पुन्हा आली. पण त्या सगळ्या काळात ऑस्ट्रेलियातल्या खाणी आणि आफ्रिकेतल्या मदतसंस्था यांच्यासाठी तिचं उत्पादन अखंड सुरू राहिलं. चेसिस तीच, आत लागतील तेवढे सुरक्षेचे बदल. ती स्वस्त नाही, पण जिथे ती विकली जाते तिथे तिचे पार्ट आणि ते बसवणारे हात दोन्ही मिळतात. अमेरिकेत तर टोयोटानं 2021 नंतर लँड क्रूझर थांबवली आणि 2024 चं मॉडेल म्हणून परत आणताना किंमत सुमारे 30 हजार डॉलरनी उतरवली. परत येणारं नाव महागच असायला हवं, असा काही नियम नाही. कंपन्या ती निवड करतात.

साधेपणा आपोआप स्वस्त होत नाही, हेही कबूल करायला हवं. ग्रेनेडिअर मुद्दाम साधी ठेवली आहे: शिडीची चेसिस, अखंड अ‍ॅक्सल, मोठी बटणं. पण थोड्या संख्येत बनत असल्यामुळे तिची किंमत नव्या डिफेंडरच्याच पंगतीत जाऊन बसली. स्वस्ताई संख्येतून येते, आणि संख्या फक्त मोठ्या कंपन्यांकडे आहे. म्हणूनच अपेक्षा टाटा, महिंद्रा, मारुती यांच्याकडून ठेवायची. मूळ सिएराची मागची काच बाजूनं वर छतापर्यंत वळलेली होती, ती खाली घेता येत नसे आणि गाडीला पुढची दोनच दारं होती. नव्या सिएराला मागे खरी दारं आहेत आणि मधले खांब काळे करून त्या जुन्या काचेचा भास राखला आहे. आरेखनाच्या दृष्टीनं हे काम सुरेख आहे आणि मागे बसणाऱ्यांसाठी सोयीचंही. पण 1991 च्या सिएराला फोर-बाय-फोर मिळत होतं. नवी सुरुवातीला फक्त पुढच्या चाकांवर आली. मारुतीनं जिप्सीच्या जागी 2023 मध्ये पाच दारांची जिम्नी आणली. तिच्यात फोर-बाय-फोर आणि लो गिअर दोन्ही आहेत. भारतात तिला बेताचाच प्रतिसाद मिळाला, तर हीच भारतात बनलेली गाडी 2025 मध्ये जपानला गेली तेव्हा काही दिवसांत सुमारे 50 हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली.

जुनं नाव वापरण्याच्या बदल्यात कंपनीकडून दोन गोष्टी मागाव्यात असं मला वाटतं. पहिली, प्रत्येक परतलेल्या गाडीची एक कामाची आवृत्ती: फोर-बाय-फोर, लो गिअर, लोखंडी रिम, धुता येणारी फरशी, सुरक्षेचं सगळं सामान आणि बाकी काही नाही. जग्वार लँड रोव्हरनं नव्या डिफेंडरची हार्ड टॉप नावाची व्यावसायिक आवृत्ती काढली, म्हणजे हे अशक्य नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं 2012 मध्येच गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करणारा कायदा केला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केलं आणि त्यात शेतीच्या अवजारांबरोबर मोटारगाड्यांचाही समावेश केला. पोर्टलवर कंपनीनं आपल्या ग्राहकसेवेचा पत्ता टाकणं पुरेसं नाही. स्कॅनरमध्ये दिसणाऱ्या बिघाड-क्रमांकांचा अर्थ, वायरिंगचे नकाशे आणि सुटे भाग वाजवी किमतीत पाटण किंवा अक्कलकुव्याच्या गॅरेजवाल्याला मिळाले पाहिजेत, आणि ते कायद्यानं मिळाले पाहिजेत. यासाठी कुठल्याही कंपनीला नवी गाडी घडवावी लागणार नाही. ही सगळी माहिती तिच्या सेवाकेंद्रांतल्या संगणकांवर आजच आहे.