डोळ्यांतून मनापर्यंत

सरावलीत उजाडतं तेव्हा तारापूर एमआयडीसीतली रात्रपाळी सुटत असते. शेडमधल्या ट्यूबलाइटचा उजेड फार तर पाचशे लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप). बाहेर कडक ऊन पडलं की तोच आकडा लाखाच्या आसपास जातो. डोळे उजेडाशी चटकन जुळवून घेतात, म्हणून एवढी तफावत आपल्याला जाणवतच नाही. मेंदूला मात्र ती बरोबर कळते.

कशी, ते ऐकून थक्क व्हायला होतं. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या त्वचेत मेलानॉप्सिन हे प्रकाश टिपणारं प्रथिन सापडलं. पुढे ते माणसाच्या दृष्टिपटलातही निघालं! ते बाळगणाऱ्या पेशी दंडपेशी आणि शंकूपेशींच्या मदतीशिवाय, स्वतःहून उजेडाला जाग्या होतात, हे डेव्हिड बर्सन यांनी २००२ मध्ये दाखवलं. चेहरे, अक्षरं ओळखणं हे त्यांचं मुख्य काम नव्हे. उजेड किती आहे, हे त्या मेंदूला कळवत राहतात. काहीच न दिसणाऱ्या काही अंध व्यक्तींच्या शरीराचं घड्याळसुद्धा त्यामुळे उजेडावर चालतं. उंदरांमध्ये तर यातल्या काही पेशींची वाट घड्याळाला वगळून मनःस्थितीशी संबंधित भागाकडे जाते, असं २०१८ मध्ये आढळलं.

नैराश्यावरचा प्रकाशोपचार मात्र या शोधांच्याही आधीचा. हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्यावर नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच तो मांडला. आज साधारणपणे सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही त्याचा उपयोग दिसला आहे.

नैराश्यावरच कवटीवरून अवरक्त प्रकाश सोडण्याची पद्धत वेगळी. पेशींची ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्याने चेततात असा कयास आहे. पण त्वचा आणि हाड ओलांडून त्यातला अगदी थोडाच प्रकाश आत पोचतो. बॉस्टनमधल्या पाओलो कॅसानो यांच्या २०१८ च्या चाचणीत आशा दिसली, पण रुग्ण होते जेमतेम २१. तेवढ्यावर असा प्रकाश सोडणारं महागडं हेल्मेट विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिव्यासमोरच्या प्रकाशोपचारातही वेळ सांभाळावी लागते. रात्रपाळी करून झोपायला निघालेल्याला सकाळचा लख्ख उजेड उलट जागं ठेवतो. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा वापरू नका, चालू गोळ्याही परस्पर बंद करू नका. आणि घरात कुणी आठवडेच्या आठवडे खचलेलं दिसत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. तिथे चोवीस तास, मोफत आणि मराठीतून बोलता येतं.